बत्तिसावी वस्तू

लग्नाकार्यात कोणी विचारलं, काय करता, तर मी 'संस्थेत आहे' एवढंच सांगते. पुढचं सांगायला गेलं की समोरच्याचे डोळे जेवणाच्या पंगतीकडे वळतात. आणि सांगणार तरी काय? सरकार पाळणाघरं चालवायला संस्थांना अनुदान देतं. आमची संस्था नागपुरात आणि आसपास अशी अकरा पाळणाघरं चालवते. त्या अकरा खोल्यांमध्ये जे घडतं त्याचा कागद करून तो वर पोचवायचा, हे माझं काम. प्रस्ताव, करारनामा, उपयोगिता प्रमाणपत्र, तिमाही अहवाल, तारीख-वेळ उमटलेले फोटो. आणि यातल्या कशावरही वरून शंका आली की तिचं उत्तर. त्या उत्तराला अनुपालन म्हणतात. बावीस वर्षं मी उत्तरं देते आहे. पाळणाघरातलं एखादं लेकरू शेवटचं कडेवर कधी घेतलं ते आठवत नाही, पण त्याचं वजन कुठल्या रकान्यात भरायचं ते झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

पूर्वी 'थकले' हा शब्द मी वापरत नसे. आता उठसूट वापरते. सकाळी हुडकेश्वरहून स्कूटी काढायची, धंतोलीतल्या ऑफिसात पोचायचं, पंख्याखाली घाम वाळवायचा आणि पोर्टलसमोर बसायचं. पोर्टल चालू असलं तर पासवर्ड बदला म्हणतं. पासवर्ड बदलला की ओटीपी जातो सचिवांच्या फोनवर, आणि सचिव फोन चार्जिंगला लावून आंघोळीला गेलेले असतात. सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही. कागद समोर धरला की 'सही कुठं?' एवढंच विचारतात, आणि मी बोट ठेवीन तिथं करतात. कधी कधी वाटतं, संस्थेत वाचणारी मी एकटीच उरले आहे.

पण ते खरं नव्हतं. अजून एक बाई वाचायची. कामठीची सेविका.

आमच्या केंद्रांवर प्रत्येकी एक सेविका आणि एक मदतनीस असते. लेकरांना सांभाळणं, खाऊ घालणं, हजेरी लिहिणं हे सेविकेचं काम. कामठीच्या सेविकेला तिथं एकोणीस वर्षं झाली होती. पंचावन्नच्या पुढची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं हळू. केंद्र म्हणजे विणकरांच्या वस्तीतली पत्र्याची एक खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली दीक्षाभूमीवरून आणलेलं कॅलेंडर, आणि चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा मिनिटांत डोकं धरून बसले. लेकरं मात्र गाढ झोपलेली. तेवढ्यात लाईट गेली, माग बंद पडले, आणि त्या शांततेनं सगळीच्या सगळी दचकून उठली. 'आता पाहा जी मॅडम, कसं भोंगा धरतात ते,' म्हणत ती एकेकाला थोपटत सुटली. मला हसू आलं होतं. तेव्हा मला हसू यायचं.

तिचं अक्षर पाहण्यासारखं होतं. तिचे आजोबा छप्पन सालच्या दीक्षेनंतर घरी परतले ते हातात एक पाटी घेऊनच, असं ती सांगायची. घरातल्या पोरींनी लिहायला शिकायचं, एवढा एक हट्ट त्यांनी धरला. 'अक्षर वाकडं आलं तं आजोबा पाटी पुसाले लावत. हात दुखला तरी पुन्हा.' अकरा केंद्रांचे अहवाल टेबलावर आले की मी तिचा शेवटी वाचायची. दिवसभराच्या कटकटीत तेवढंच डोळ्यांना बरं वाटायचं.

आता माझ्या पत्रांविषयी सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

महिन्याला तीन-चार पत्रं मी केंद्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. हे भरा, ते पाठवा, अमुक तारखेच्या आत. अकरा अंगठे येतात, 'हो जी मॅडम' येतं, आणि काम होत नाही. मग मी एक युक्ती काढली होती. लग्नाची वेळ दहाची असली की पाहुण्यांना नऊ सांगतात ना, तसं. पंधरा तारखेपर्यंत हवं असेल तर पाच लिहायचं. तीन फोटो हवे असतील तर दहा मागायचे. म्हणजे ओढून ताणून निदान तीन येतात. बावीस वर्षांत ही युक्ती कधी फसली नाही, कारण माझं पत्र अक्षरशः पाळणारं कोणी नसतंच, हे मी गृहीत धरलेलं.

डिसेंबरात वरून हजेरीच्या नोंदवहीचा नवा नमुना आला. जुन्या वहीत लेकराचं नाव, रोजची खूण आणि महिनाअखेर आईची सही किंवा अंगठा. नव्यात आईच्या आधारचे शेवटचे चार अंक लिहायला एक रकाना वाढला होता. जानेवारीपासून नवी वही वापरायला हवी होती, एवढंच. पण मी त्या दिवशी चिडलेली होते. एका केंद्राच्या वहीवर वरणाचा डाग होता, आणि तपासणीच्या शेऱ्यात चक्क त्या डागाचा उल्लेख आला होता. डागाचं अनुपालन काय लिहायचं, सांगा बाप्पा! जेवण राहिलेलं, पोर्टल बंद, आणि मी दहा मिनिटांत पत्र खरडलं. गेल्या एप्रिलपासूनची हजेरी नव्या नमुन्यात तयार ठेवावी. वही स्वच्छ असावी, डाग नसावा, खाडाखोड नसावी. केंद्रावर एकच नोंदवही असावी, दोन दिसल्यास सेविका जबाबदार राहील. एप्रिलपासून म्हटलं की निदान जानेवारीपासून तरी करतील, असा माझा नेहमीचा अंदाज. खाली माझी सही, संस्थेचा शिक्का. ग्रुपवर टाकलं आणि डबा उघडला.

दहा जणींनी ते पत्र नेहमीसारखं वाचलंच नाही. अकरावीचा दुसऱ्या दिवशी फोन आला.

'मॅडम, एप्रिलपासून म्हंजे सगळंच पुन्हा लिवाचं ना जी?'

माझ्या समोर पोर्टलचं चक्र फिरत होतं. मी म्हटलं, 'ताई, पत्रात लिहिलंय तसं करा. मला आता वेळ नाही.'

'हो जी,' म्हणाली आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीच्या शेवटी कामठीच्या केंद्राची तपासणी लागली. अधिकारी नवा होता, तिशीतला, सभ्य. आजकाल असे येतात. ओरडत नाहीत, चहा नको म्हणतात, आणि सगळं बघतात. मी तासभर आधी बसनं पोचले होते. केंद्र लख्ख झाडलेलं, लेकरांचे केस विंचरलेले. बसायला मोठी खुर्ची नव्हती म्हणून साहेब सतरंजीवरच मांडी घालून बसले. सेविकेनं नोंदवही त्यांच्यासमोर ठेवली. ठेवताना पदरानं पुसली.

त्यांनी पहिलं पान उघडलं, आणि मी शेजारून पाहिलं. काय सांगू! एप्रिल, मे, जून, जुलै, पानामागून पान, एकाच निळ्या पेनानं, छापल्यासारखं अक्षर. एक डाग नाही. एक खूण इकडची तिकडं नाही. प्रत्येक महिन्याखाली तीसेक आयांच्या सह्या, काही मराठीत, काही उर्दूत, काही अंगठे, सगळे एकाच शाईचे आणि एकाच दिवशी उठलेले. आणि एप्रिलच्या पानावर तो आधारचा रकाना. जो डिसेंबरात जन्माला आला.

माझं पत्र तिनं अक्षरशः पाळलं होतं. समजायला एक क्षणही लागला नाही.

साहेबांनी चार-पाच पानं उलटली. मग शांतपणे विचारलं, 'हे कधी लिहिलं?'

'जानेवारीत जी,' ती म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. 'दुपारी लेकरं झोपले की लिवत होती. तीन आठवडे लागले. सह्यांसाठी बायांले शुक्रवारी बोलावलं, माग बंद असते ना त्या दिवशी. रांगच लावली होती जी.'

'या दोघींच्या सह्या नाहीत.'

'त्या गाव सोडून गेल्या जी. त्यांचा अंगठा मी कुठून आणू? म्हून कोरं ठेवलं.'

खोटं करायचं असतं तर तिला दोन अंगठे उठवणं काय अवघड होतं? हे मला कळत होतं. साहेबांनाही कळलं असेल, कोण जाणे. पण त्यांच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

'जुनी वही कुठे आहे?'

'नाही जी. एकच वही पाह्यजे ना. कागद चांगला होता, लेकरांले चित्रं काढाले दिला.'

तिनं भिंतीकडे हात केला. लेकरांची चित्रं ओळीनं चिकटवलेली होती. मांजरं, सूर्य, नुसत्या रेघोट्या.

साहेबांनी वही मिटली. 'मूळ अभिलेख नष्ट केला,' ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग तिच्याकडे पाहून, 'हे असं पुन्हा लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं?'

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. काय शोधत होते ते मला आजही माहीत नाही.

त्याच वेळी मदतनीस खिचडीचं पातेलं घेऊन आली. लेकरांच्या आधी अधिकाऱ्यानं चव घ्यायची, असा नियम आहे. साहेब हात धुवायला बाहेर नळावर गेले. नळाला पाणी नव्हतं म्हणून मी तांब्या घेऊन मागोमाग गेले आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. 'साहेब, पत्र माझं आहे,' चार शब्द. तोंडापर्यंत आले होते. पण करारनाम्याचं नूतनीकरण मार्चमध्ये होतं, अकरा केंद्रं एकाच करारात होती, आणि संस्थेनंच लेखी आदेश देऊन नोंदी बदलल्या असं एकदा कागदावर आलं की काय होतं ते मी दुसऱ्या एका संस्थेच्या बाबतीत पाहिलं होतं. हे सगळं खरं आहे. आणि मी घाबरले होते, हे त्याहून खरं आहे. तांब्या रिकामा झाला. साहेबांनी रुमालानं हात पुसले.

आत येऊन त्यांनी खिचडीचा घास घेतला, चांगली आहे म्हणाले, आणि प्रश्न पुन्हा विचारला.

'कोणी नाही सांगतलं जी,' सेविका म्हणाली. 'माह्याच मनानं केलं. वही खराब झाली होती म्हून.'

मी श्वास सोडला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते. तेव्हा लाज नव्हती वाटली, नुसतंच हलकं वाटलं होतं.

साहेब गेल्यावर मी भिंतीवरची चित्रं एकेक उलटून पाहिली. बहुतेक चित्रं वहीच्या मधल्या कोऱ्या पानांवर होती, लिहिलेली पानं उरली नव्हती. एका मांजराच्या पाठीमागे मात्र जूनची हजेरी निघाली. निळं पेन, काळं पेन, एक आठवडा पेन्सिल, कोपऱ्यात हळदीचं बोट. मी तिथंच उभी राहून नव्या वहीतल्या जूनशी ताळा केला. एक खूण चुकलेली नव्हती. मांजर मी फाईलमध्ये ठेवलं. 'कायले टेन्शन घेता जी मॅडम,' ती म्हणाली, 'खरं ते खरंच राह्यते.' मी शेअर ऑटोत बसून परत आले. रस्ताभर धूळ होती आणि डोकं ठणकत होतं.

पंधरा दिवसांनी शेरा आला. कामठी केंद्रावरील हजेरी नोंदी बनावट असल्याचे प्रथमदर्शनी दिसते, संस्थेने सात दिवसांत अनुपालन सादर करावे, अन्यथा नूतनीकरणाचा विचार होणार नाही. म्हणजे एका बाजूला अकरा खोल्या, आणि दुसऱ्या बाजूला एका बाईची एकोणीस वर्षांची नोकरी. आणि मधे मी, उत्तर लिहिणारी.

मी सचिवांना सगळं सांगितलं. पत्र दाखवलं, मांजराचं पान दाखवलं. त्यांनी बराच वेळ दोन्ही कागद पाहिले. मग चष्मा काढून म्हणाले, 'एका पानानं नऊ महिने सिद्ध होतात का? आणि हे पत्र जोडलं तर आपण स्वतःच कबूल केलं, की संस्थेनं करवून घेतलं. तुमचीही नोकरी जाईल आणि तिची वाचणार नाही ती नाहीच. दहा बाया घरी बसतील त्या वेगळ्या.'

'मग काय लिहू?'

'तुम्हाला माहीत आहे काय लिहितात,' ते म्हणाले. आवाज थकलेला होता. तेही काही आनंदानं म्हणत नव्हते.

मला माहीत होतं. अशा शेऱ्याला एकच वाक्य असतं, ते टाकलं की मुद्दा निकाली निघतो. 'सदर सेविकेने कार्यालयाच्या कोणत्याही सूचनेविना नोंदवही बदलली असून तिला कार्यमुक्त करण्यात आले आहे.' मी ते वाक्य टाईप केलं. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा ठेवलं. सचिवांनी विचारलं, 'सही कुठं?' मी बोट ठेवलं. आठवड्याभरात मुद्दा निकाली निघाला, मार्चअखेर करारनामा नूतनीकृत झाला, आणि ग्रुपवर अकरा जणींनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. अकरावी नवी होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी केंद्राचा ताबा बदलून द्यायला कामठीला गेले. ऊन रणरणत होतं, माग चालू होते. जुनी सेविका सामान लावून बसली होती. तिनं यादी आधीच लिहून ठेवली होती, दोन प्रती, त्याच अक्षरात. वजनकाटा एक. उंचीची पट्टी एक. सतरंज्या चार. ताटल्या, वाट्या, झुला, खेळण्यांची पेटी, प्रथमोपचाराचा डबा. ती एकेक वस्तू उचलून दाखवायची, मी खूण करायची, नवी सेविका बाजूला ठेवून घ्यायची. एक बाई लेकराला सोडायला आली, आणि हे सगळं पाहून दारातच थांबली.

'काहून वं मावशी, तुम्ही चालल्या का खरंच?'

'हो वं बाई. आता ह्या पाहतीन. तुह्या पोट्ट्याले डाव्या कुशीवर झोपवाचं म्हून सांगून ठेवलं मी ह्यायले.'

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घालून यादी वाचली. एकतीस वस्तू झाल्या.

'अजून एक हाय जी,' ती म्हणाली. पिशवीतून तिनं एक लॅमिनेशन केलेला कागद काढला. चारी कोपऱ्यांना टेपचे तुकडे. माझं पत्र. माझी सही, संस्थेचा शिक्का. तिनं मोबाईलवरून दुकानात नेऊन छापून घेतलं होतं आणि स्वतःच्या खर्चानं लॅमिनेशन केलं होतं.

'हे इथं भिंतीवर लावलं होतं. कॅलेंडरच्या बाजूले. विसरू नाही म्हून.'

भिंतीवर अजून चौकोन दिसत होता, बाकीच्या रंगापेक्षा उजळ. तपासणीच्या दिवशी मी तासभर आधी येऊन बसले होते. लेकरांचे केस पाहिले, खिचडी पाहिली, चपलांची ओळ पाहिली. माझंच पत्र मला दिसलं नव्हतं.

'मग साहेबांना...' मी म्हटलं.

'त्यायची पाठ होती ना भिंतीकडं. ते हात धुवाले गेले तेव्हा काढून घेतलं मी. तुमची सही होती जी त्याच्यावर.' ती टेपचा तुकडा नखानं खरवडत होती. 'मले वाटलं, मॅडमवर बोट आलं तं सगळेच सेंटर जातीन. माह्यावर आलं तं मॅडम हायत, त्या पाहून घेतीन.'

मागांचा खडखडाट चालूच होता. मला वाटलं लाईट जावी, सगळी लेकरं एकदम रडावीत, काहीतरी व्हावं. काही झालं नाही. मी म्हटलं, 'ताई, मी पाहिलं नाही.' एवढंच मला जमलं. तिनं मान हलवली, रागावलेली दिसली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

'यादीत घेतो,' ती म्हणाली आणि दोन्ही प्रतींवर खाली लिहिलं. बत्तीस. कार्यालयाचे पत्र, लॅमिनेशन केलेले, एक. मग पेन माझ्यापुढे केलं. मी 'मिळाले' असं लिहून सही केली. दोन्हीवर. तिनं तिची सही केली.

ऑफिसात आल्यावर सचिवांनी यादी वाचली. हो, या वेळी त्यांनी वाचली. 'हे बत्तिसावं काय आहे? हे फाईलला लागलं तर आपलं उत्तरच खोटं ठरतं. आणि खाली तुमची सही.' त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. 'फेअर करून घ्या.'

मी नाही म्हणायला हवं होतं. दोन दिवस तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी नवा कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं यादी पुन्हा लिहिली. एकाच पेनानं, स्वच्छ, खाडाखोड न करता, जुनी तारीख टाकून. एकतीस वस्तू. तिनं जे केलं त्यात एकही खूण खोटी नव्हती. मी एक ओळ गाळली.

खाली तिची सही लागणार होती. ती मिळाली, कारण पुढच्या आठवड्यात ती अनुभवाच्या दाखल्यासाठी ऑफिसात आली. कामठीतल्या एका शाळेत पोषण आहार शिजवायला बाई हवी होती, तिथं दाखवायचा होता. घामानं भिजलेली, पाण्याची बाटली रिकामी. मी तिला कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं, दाखला दिला. 'काम समाधानकारक' असं लिहिलं होतं. तिनं तो दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला. मग मी नवी यादी पुढे केली आणि म्हटलं, 'ताई, इथं एक सही राहिली.'

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. वजनकाटा. पट्टी. सतरंज्या. तिला घाई नव्हती. एकोणतीस, तीस, एकतीस. बोट खाली सरकलं आणि कोऱ्या जागेवर थांबलं. कूलरचा आवाज येत होता. मी तिच्या बोटाकडे बघत होते, तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

मग तिनं सही केली. नेहमीसारखी, सुबक.

'आता साफ दिसते जी,' ती म्हणाली. 'डाग नाही, खाडाखोड नाही.'

पेनाला टोपण लावून तिनं ते माझ्यापुढे ठेवलं. पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि वळली.

'जुनी यादी हाय ना मॅडम तुमच्यापाशी?'

'आहे,' मी म्हटलं.

'ठेवजा जी. फाडजा नोका,' ती म्हणाली. तिला खरंच माझी काळजी वाटत होती. 'मी वही फाडली तं पाहा ना काय झालं.'